टेकडीसमोरची खिडकी

ताईंच्या नकाशात सगळ्यात आधी खिडकी यायची. भिंती, दारं, छप्पर हे सगळं तिच्या मागून. आमच्या देवळी गावच्या मिस्त्री लोकांनी त्यांचं नावच 'खिडकीवाल्या मॅडम' पाडलं होतं. ते त्यांच्या कानावरही गेलं होतं. "बरं आहे की," म्हणाल्या, "भिंतवाल्या म्हटलं असतं तर वाईट वाटलं असतं."

नव्वदच्या दशकातली गोष्ट. वडिलांचं लोखंड-सिमेंटचं दुकान धाकट्या भावावर सोपवून मी नुकताच ठेकेदारीत उतरलो होतो. आंजी गावाजवळच्या माळावर एका वृद्ध व्यापाऱ्याला प्रदर्शनाची इमारत बांधायची होती. आपल्या भागातली माती, गवतं, पक्षी, जुनी अवजारं लोकांनी येऊन बघावीत, एवढीच त्यांची इच्छा. आम्ही त्यांना अध्यक्ष म्हणायचो. नकाशाचं काम ताईंकडे होतं. मुंबईतली चांगली चाललेली नोकरी सोडून आजारी आईसाठी त्या वर्ध्याला परतल्या होत्या. लग्न केलं नव्हतं.

अध्यक्षांना घुमट हवा होता. ताई त्यांना माळावर घेऊन गेल्या, सतरंजी अंथरली आणि समोरच्या टेकडीकडे तोंड करून बसवलं. संध्याकाळपर्यंत दोघं तिथेच. उठताना अध्यक्ष म्हणाले, "घुमट राहू द्या." काय बोलणं झालं, असं मी नंतर ताईंना विचारलं. "काहीच नाही," त्या म्हणाल्या. "त्यांना तितर दिसले."

खरं सांगायचं तर त्या टेकडीत बघण्यासारखं काय आहे, हे मला कळत नव्हतं. बोरीची झुडपं, थोडे पळस, बाकी मुरूम. पण ताईंची सगळी इमारत तिच्यासाठीच होती. एक खोली बघितली की पाहुणा ओसरीवर बाहेर यायचा, मग पुढची खोली. आत मातीचे थर बघितले की बाहेर नाल्याची खचलेली दरड समोर. आत गवतांची नावं, बाहेर तीच गवतं वाऱ्यावर. "इमारतीनं माणसाला धरून ठेवू नये, भाऊ," त्या म्हणायच्या. "हात धरून बाहेर नेऊन सोडावं."

हे ऐकायला छान, पण बांधणाऱ्याचा जीव जायचा. चुन्याच्या फक्कीनं आखलेली भिंत त्यांनी मला कितीदा पुसायला लावली असेल!

"हातभर डावीकडे घ्या. इथून नाला दिसत नाही."

मी चिडलो. "मॅडम, नाल्याले पाणी असते पावसाळ्यापुरतं!"

"मग बाकी वर्षभर वाळू दिसेल. वाळू वाईट असते का?"

शेवटच्या खोलीत टेकडीसमोर मोठी खिडकी होती, आणि ती अगदी खाली, जमिनीपासून वीतभर उंचीवर. आमचा वामन मिस्त्री डोक्याला हात लावून म्हणाला, "मॅडम, इतकी खाली काऊन घेऊन राह्यल्या? उभ्या मानसाले काई दिसन का?"

"नाही दिसणार," ताई हसून म्हणाल्या. "म्हणून तो बसेल."

उद्घाटनाच्या दिवशी आंजीची एक म्हातारी नातसुनेचा हात धरून आली होती. खोल्या बघून दमली आणि त्या खिडकीपुढे टेकली. बराच वेळ बाहेर बघत राहिली. मग एकदम ओरडली, "अवं माय! हे त आपलीच टेकडी व्हय! रोज सरपन आनतो तितून, पन अशी कधी पाह्यलीच नवती!" सगळे हसले. ताई तिथून निघून इमारतीच्या मागे गेल्या. मी चहाला बोलवायला गेलो, तर भिंतीला टेकून रडत होत्या. मला बघून डोळे पुसले. "झालं माझं काम," म्हणाल्या. त्या दिवसापासून मी त्यांना मॅडम म्हणायचं सोडलं.

पुढची काही वर्षं बरी गेली. मग अध्यक्ष वारले, ताईंची आई गेली, आणि रुंद रस्त्याचं काम निघालं. रस्त्याला मुरूम लागतो. टेकडीच्या मालकानं टेकडी खोदायला दिली. त्याची जमीन, कागद सगळे बरोबर. ताई तरीही त्याच्या घरी गेल्या. मी सोबत होतो. त्यानं आम्हाला आदरानं बसवलं, चहा दिला आणि म्हणाला, "ताई, तुमची इमारत तुमच्या जागेवर हायेच ना? तिले कोनी हात लावला का?"

ताईंनी कप खाली ठेवला आणि उठल्या. त्यांना अशी माघार घेताना मी पहिल्यांदाच बघत होतो.

उन्हाळा संपेपर्यंत टेकडी अर्धी झाली, पुढच्या उन्हाळ्यात गेलीच. राहिला खड्डा. पोकलेनची धूळ खिडकीतून आत यायची, पक्ष्यांच्या चित्रांवर बसायची. अध्यक्षांच्या मागे इमारत सांभाळणाऱ्या नव्या मंडळींनी ठरवलं, खिडकी बंद करून तिथे टेकडीचं मोठं फ्लेक्स लावायचं. ताईंना हे कळलं तेव्हा मला वाटलं, आता भांडतील. त्यांचा फोन आला. आवाज अगदी साधा होता.

"भाऊ, खिडकी तुम्हीच चिणा. तुम्हीच काढली होती, दुसऱ्या कोणाचा हात नको. फ्लेक्स मात्र लावू देऊ नका. भिंत भिंतीसारखी राहू द्या."

मंडळींशी मी भांडलो. फ्लेक्स लागलं नाही.

काम सुरू झालं तेव्हा ताई आत येऊन जमिनीवर बसल्या. वामन एकेक थर चढवत होता आणि खोलीत अंधार वाढत होता. मध्येच त्यानं थापी खाली ठेवली. "ताई, तुमी बाहेर जा ना. मले नाई जमून राह्यलं."

"जमेल. बांधा," ताई म्हणाल्या. शेवटची वीट बसेपर्यंत त्या उठल्या नाहीत.

त्यानंतर त्यांनी नकाशा काढला नाही. वर्ध्याचं घर विकून बहिणीकडे नाशिकला गेल्या. मी स्टेशनवर सोडायला गेलो होतो. गाडी येईपर्यंत माझ्या मुलीचा अभ्यास, बायकोचं गुडघ्याचं दुखणं, सगळं विचारलं. आंजीचं नाव काढलं नाही. गाडी हलली तेव्हा फक्त म्हणाल्या, "तुम्ही बांधकाम फार सरळ करता हो, भाऊ." इतक्या वर्षांत त्यांनी माझी स्तुती कधी केली नव्हती.

पुढे काही वर्षांनी, नाचणगावला एका शाळेचा स्लॅब सुरू असताना त्यांच्या बहिणीचा फोन आला. ताई झोपेतच गेल्या होत्या. स्लॅब एकदा सुरू झाला की मध्ये थांबवता येत नाही. मिक्सर गरगरत होता, बायका घमेली देत होत्या, कोणीतरी मोठ्यानं गाणी लावली होती. मी तसाच उभा राहून इकडे टाका, तिकडे टाका सांगत होतो. वामन जवळ आला.

"भाऊ, काय झालं?"

"ताई गेल्या."

त्यानं सिमेंटचा हात तसाच कपाळावर ठेवला. मग वळला आणि मजुरांना म्हणाला, "ते गाने बंद करा रे पोट्टेहो. आज गाने नोका लावू."