कुंकवाखालची पट्टी

सलीम अत्तार विमानाच्या कंपनीत आहे म्हटल्यावर वडाळा नाक्यावरच्या लोकांना वाटायचं, हा रोज दुबईला जाऊन येत असणार. कसली दुबई न् कसलं काय! दहा वर्षांत गडी एकदाही जमिनीवरून उठला नव्हता. त्याचं सगळं काम विमानाच्या खाली, बाजूला आणि पोटात. चाकांना अडणी लावायची, टाकीच्या तळातून वाटीभर इंधन काढून त्यात पाणी आलंय का बघायचं, टायर, ब्रेक, नटबोल्ट तपासायचे. घरी यायचा तो पेट्रोलचा वास घेऊन, आणि बायको, जुलेखा, त्याला आधी मोरीत पाठवायची.

कंपनी म्हणजे तरी काय, नाशिकच्या बाहेर पेठ रस्त्याच्या अंगाला एक खासगी धावपट्टी, पत्र्याचं एक मोठं हँगर आणि सहा-सहा माणसांची दोन विमानं. द्राक्षाचे बडे बागायतदार, कारखानदार, कधी एखादा पेशंट, यांना मुंबईला नेऊन सोडायचं. सलीमचा बाप भद्रकालीत स्टोव्ह दुरुस्त करायचा. त्याच्या हाताखाली पोराचे हात तयार झाले आणि एकोणनव्वद साली सलीम हँगरमध्ये मदतनीस म्हणून लागला.

तिथे त्याला भेटले यादवकाका. काका पंचवटीत राहायचे, हँगरचे मुख्य मेकॅनिक, आणि माणूस म्हणजे नुसता विस्तव. पाना हातात उलटा दिला तरी बापाचा उद्धार. पण विमानाचा जेवढा म्हणून शहाणपणा सलीमला आला, तो याच माणसाने शिव्या घालून घालून शिकवला. रात्रीची इंग्रजी पुस्तकं याच माणसाने आणून दिली, परीक्षेची फी भरायला लावली. तिसऱ्या खेपेला सलीम पास झाला आणि नव्याण्णवच्या ऑगस्टमध्ये त्याला लायसन मिळालं. आता तोही विमान तपासून वहीत सही करू शकत होता. पण केली कुठे होती? काका असताना सही काकांचीच. सलीमला त्यात वावगं वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर त्याला त्या सहीची भीतीच वाटायची.

काकांनी घालून दिलेल्या नियमांतला एक नियम लाल पट्ट्यांचा होता. विमान धुवायचं झालं की दोन ठिकाणी लाल चिकटपट्टी लावायची. एक पंखाखालच्या बारक्या नळीच्या तोंडावर, दुसरी डाव्या दाराच्या पुढे, पत्र्यात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आहेत त्यांवर. त्या भोकांतून बाहेरच्या हवेचा दाब आत जातो आणि त्यावर वैमानिकासमोरचा उंचीचा काटा हलतो. भोकात पाणी किंवा घाण गेली तर काटा खोटं बोलतो, म्हणून पट्टी. आणि पट्टी तशीच राहिली तर काटा मुळीच बोलत नाही. म्हणून काढलेली पट्टी कुठे फेकायची नाही, हँगरच्या दारावरच्या पाटीवर चिकटवायची. दोन लावल्या तर दोन दिसल्या पाहिजेत.

आता खंडेनवमीचं ऐका. त्या दिवशी सगळी हत्यारं भिंतीवरून खाली उतरायची, धुऊनपुसून चादरीवर मांडायची, झेंडूची फुलं, हळदकुंकू. विमानंही धुऊन काढायची. पूजेचा मान चतुराबाईचा. ही पेठकडची, धावपट्टी झाडणारी बाई. चाकाखाली खडा राहिला तर तो उडून विमानाच्या नाकावरच्या पंख्यात जातो हे तिला कुणा इंजिनिअरइतकंच ठाऊक होतं. सवाष्ण म्हणून तीच विमानाला ओवाळायची आणि दाराशेजारी ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढायची. बरोबर त्या पट्टीवर! लालावर लाल. दिवसभर विमान हलवायचं नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, पहिलं उड्डाण.

पट्ट्या लावायचं काम सलीमचं. काढतानाही पंखाखालची तो काढायचा. दाराजवळची मात्र दर वर्षी काका काढायचे. ओलं फडकं घेऊन यायचे, आधी हात जोडायचे, मग कुंकू पुसायचे आणि पट्टी उचकटायचे. असं कुणी ठरवलं नव्हतं. फक्त पहिल्या वर्षी सलीम फडकं घेऊन पुढे झाला तेव्हा तिथला म्हातारा वॉचमन सहज म्हणाला होता, "तू राहू दे रे, पूजेचं आहे. काका पुसतील." त्याच्या मनात काही नव्हतं. तो ते संध्याकाळपर्यंत विसरलाही असेल. सलीम दहा वर्षं विसरला नव्हता.

नव्याण्णवच्या दसऱ्याला काकांच्या निवृत्तीला महिना उरला होता. मॅनेजर राजूभाऊंना कल्पना सुचली, की बत्तीस वर्षं दुसऱ्यांना वर पाठवणाऱ्या माणसाला या वर्षी आपणच सीमोल्लंघन घडवू. काका आणि मोहिनीकाकू विमानात बसतील, कॅप्टन मयूर त्यांना ब्रह्मगिरीवरून फिरवून, रामकुंड वरून दाखवून आणेल. सकाळपासून हँगरमध्ये पेढे, शाल, नारळ, फोटो. काकू जांभळी पैठणी नेसून आलेल्या. काका लग्नातल्या नवऱ्यासारखे अवघडलेले. त्या गडबडीत त्यांनी शाल खांद्यावर सावरत विमानाला एक फेरी मारली आणि वहीत सही केली. सलीमने ती लांबून पाहिली. सही झाली म्हणजे कुंकूही पुसलं असणार. त्याने पंखाखालची पट्टी काढली, चाकांच्या अडण्या ओढल्या, अंगठा दाखवला. विमान संथपणे धावपट्टीच्या लांबच्या टोकाकडे निघालं.

हात पुसत तो हँगरच्या दारापाशी आला. पट्टी चिकटवली आणि तिथेच थांबला. पाटीवर एकच पट्टी होती, त्याने आत्ता लावलेली.

काकांनी काढून खिशात टाकली असेल? काका आणि पट्टी खिशात? त्याने कचऱ्याची टोपली उपडी केली. झेंडूच्या पाकळ्या, पेढ्यांचे कागद, बस्स. चतुराबाई दाराशी फुलं गोळा करत होती.

"चतुराबाई, दाराजवळचं कुंकू काकांनी पुसलं का?"

"नाय बा. आवंदा पुसलंच नाय. तसंच ठेवलं. मला लय बरं वाटलं."

सलीम राजूभाऊंकडे धावला. रेडिओ त्यांच्या हातात होता. "साहेब, विमान थांबवा. दाराजवळची पट्टी राहिलीय."

"तू पाहिलीस?"

"नाही. पण पाटीवर एकच आहे."

"काकांची सही आहे ना वहीत? झालं तर मग! अरे, साडेतीन मुहूर्तांतला दिवस, काकांचा मान, आणि तू मध्येच शिंकतोस? काका भडकले तर त्यांना तोंड तू देणार का?"

आता या माणसाला काय सांगावं! पश्चिमेकडे ब्रह्मगिरीचा माथा ढगात गेला होता. त्या ढगात मयूर शिरणार, आणि समोरचा काटा त्याला धावपट्टीचीच उंची दाखवत बसणार. उलटी बाजूही सलीमला दिसत होती. पट्टी नसेलच तर? तर दोन महिन्यांपूर्वी लायसन मिळालेल्या पोराने सगळ्यांसमोर काकांच्या सहीवर संशय घेतला, तोही त्यांच्या मानाच्या दिवशी. आणि पट्टी असेल तर काकांची बत्तीस वर्षं एका चौरस इंचात धुळीला मिळाली. कसंही झालं तरी काकांचं तोंड पडणार होतं आणि ते पाडणारा हा.

पण विमानात काका बसले होते. काकू बसल्या होत्या. सलीम पळत सुटला.

गवतातून तिरपा पळाला. चप्पल गेली, काटे घुसले, थांबला नाही. विमान टोकाला वळून उभं होतं, मयूर इंजिनाचा जोर वाढवून बघत होता, पंखा नुसता एक राखाडी चकती झालेला. जवळ जायची सोय नाही, मागून गेलं तर दिसायचं नाही. त्याने लांबून वळसा घातला, पंख्यापासून पुष्कळ अंतर ठेवून वैमानिकाच्या बाजूला समोर आला आणि दोन्ही हात डोक्यावर फुली करून उभा राहिला. छाती फुटायची वेळ आली होती. या अल्ला, बघ रे इकडे, बघ! एक क्षण काहीच झालं नाही. मग आवाज उतरला, पंख्याची पाती वेगळी दिसू लागली आणि थांबली.

दार उघडून पहिले काका उतरले. शाल एका खांद्यावर, चेहरा लालबुंद.

"काय रे ए! डोकं फिरलं काय तुझं? चालत्या पंख्यासमोर येतोस?"

सलीमला धाप लागून बोलता येईना. त्याने फक्त बोट दाखवलं. काकांनी चष्मा लावला, स्वस्तिकापाशी वाकले, अंगठ्याच्या नखाने कुंकू खरवडलं. नखाखाली एक कड उचलली गेली. त्यांनी ओढली. लाल पट्टी सुटून त्यांच्या बोटाला चिकटली.

काका नुसते त्या पट्टीकडे बघत राहिले. सलीमला रडू फुटेलसं वाटलं.

"मीच लावली होती काका," तो म्हणाला. "मीच काढायला पाहिजे होती."

"मग का नाही काढलीस?"

सलीम म्हणाला, "त्याच्यावर कुंकू होतं."

काकांना समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा त्यांचा राग कुठल्या कुठे गेला. "म्हणजे दर वर्षी तू याच्यासाठी थांबायचास? दहा वर्षं?"

"हो."

"अरे, मग या गाढवाला एकदा विचारायचं तरी! मला वाटायचं, शेवटचा हात म्हाताऱ्याचा असावा म्हणून तू माझ्यासाठी ठेवतोस."

एवढ्यात राजूभाऊ स्कूटरवर वही घेऊन पोचले. पट्टी पाहून त्यांचाही चेहरा उतरला, पण माणूस मॅनेजर, लगेच सावरला. "निघाली ना? सुंठीवाचून खोकला गेला. बसा काका. हे वहीत कशाला लिहायचं? महिनाच राहिलाय तुमचा."

"राजूभाऊ," काका म्हणाले, "आत माझी बायको बसलीय."

त्यांनी वही घेतली, विमानाच्या पंखावर ठेवली आणि आपल्या सहीवर आडवी रेघ मारली. खाली लिहिलं: तपासणी अपुरी, पट्टी राहिली, चूक माझी, सलीम अत्तारने उड्डाण थांबवलं. प्रत्येक शब्द सावकाश लिहिला. मग पेन सलीमपुढे धरलं.

"पहिल्यापासून सगळं बघ. सही तू करायची."

"काका, मी नाही..."

"लायसन काय लोणचं घालायला घेतलंस? तू सही केलीस तर आम्ही बसतो. नाही केलीस तर मी आणि ही रिक्षाने घरी."

सलीमने पेन घेतलं. तेवढ्यात चतुराबाई गवतातून चालत आली, हातात ओलं फडकं. कुणी तिला काय सांगितलं होतं कोण जाणे. "पूस सलीमभाऊ," ती म्हणाली. "पुसल्यानं देव जात नाय. मान्सं गेल्याव मंग कुनाला ववाळू?"

त्याने पुसलं. भोकं स्वच्छ होईपर्यंत, मग उजेड टाकून पुन्हा. मग चाकं, ब्रेक, तेल, इंधन, पाती, शेपूट. सव्वा तास लागला. राजूभाऊ घड्याळ बघून बघून दमले. काका लांब दगडावर बसून होते, एकदाही उठून आले नाहीत. शेवटी सलीमने सही केली. वेडीवाकडी आली.

विमान उठलं आणि लहान होत होत गेलं. ढग टाळायचे असं मयूरने कबूल केलं होतं, तरी सलीमच्या डोक्यात नाही नाही ते येत होतं. तेलाचं झाकण फिरवलं ना? फिरवलं. डावा ब्रेक? पाहिला. अडणी? ही बघ हातात. चोवीस मिनिटं तो अनवाणी उभा होता. तळव्यातून रक्त येतंय हे त्याला चतुराबाईने सांगितलं.

विमान उतरलं. त्याने अडण्या लावल्या, पंखा थांबू दिला, दार उघडलं. काका त्याच्या खांद्यावर हात ठेवून खाली उतरले आणि सरळ हँगरकडे चालू लागले. मागून मोहिनीकाकू पैठणीचा काठ सावरत उतरल्या. डोळे ओले होते.

"रामकुंड दिसलं का काकू?" सलीमने विचारलं.

"मी पाहिलं. यांनी कुठलं पाहिलं!" काकू म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून बघतेय, हा माणूस कधी रिक्षात बसतानाही वाकून चाक बघितल्याशिवाय बसला नाही. झोपायच्या आधी गॅस तीनदा बघतो. आज सीटवर बसले, पट्टा लावला आणि वर जाईपर्यंत घोरायला लागले रे."