पहिली कोण धावणार

शाळेत असताना मी पुण्यात हॉकी खेळले होते, हे कोचला सांगायची काही गरज नव्हती. पण सरावानंतर लेकीला आणायला गेले आणि बोलून बसले. हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय! उन्हानं रापलेले ते चिनी गृहस्थ लगेच म्हणाले, "मॅडम, यू हेल्प मी वॉच द डिफेंडर्स, कॅन?"

लेक तेव्हा इथल्या सेकंडरी थ्रीत, म्हणजे आपल्या नववीत, पंधरा वर्षांची. दर शनिवारी सकाळी मी टर्फच्या कडेला वही घेऊन बसू लागले, आणि खोटं कशाला बोलू, मजा यायला लागली. बाकीच्या पालकांना वाटायचं, जी धाडकन अंगावर जाते तीच खरी बचावपटू. मुळीच नाही. चांगली मुलगी घाई करत नाही. उठायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्याला हळूहळू दाराकडे न्यावं, तशी ती समोरचीला कडेच्या रेषेकडे नेते. नजर चेंडूवर ठेवते आणि मागून सगळ्यांवर ओरडते. घरी पाणी मागतानाही पुटपुटणारी माझी लेक तिथं सगळ्यांत मोठ्यानं ओरडायची.

मग एके दिवशी कोचनी विचारलं, पेनल्टी कॉर्नरला पहिली कोण धावणार? पेनल्टी कॉर्नरला समोरची मुलगी जीव खाऊन गोलवर फटका मारते, आणि आपली एक मुलगी गोलमधून थेट त्या फटक्यावर धावून जाते. सोळाव्या वर्षी मीही अशीच धावले होते. ऐन वेळी तोंड फिरवलं. माझा समोरचा दात तेव्हापासून खोटा आहे. आता मुली चेहऱ्याला मास्क लावतात, पण तो पुढून वाचवतो. तोंड फिरवलं की कान, मान सगळं उघडं पडतं.

दोघींतून एक निवडायची होती, माझी लेक किंवा तिची मैत्रीण. मैत्रीण मलय वंशाची, सेरंगून भागातून आमच्याच बसनं यायची. कोचनी दोघींवर चेंडू मारून पाहिले. लेकीची नजर हलली नाही. मैत्रीण मात्र दर वेळी शेवटच्या क्षणी हनुवटी डावीकडे वळवत होती. मला ते स्वच्छ दिसलं. बँकेत मी दिवसभर जोखीमच तर तोलते. तरी वहीत मी मैत्रिणीचं नाव लिहिलं, आणि कोचनी तेच कायम केलं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, असं म्हणत मी आजवर लोकांना हसत आले होते.

सामन्याच्या सकाळी मैत्रिणीची आई माझ्याशेजारी येऊन बसली. डब्यातला कुएह पुढे करत म्हणाली, "थँक यू, हं. माय गर्ल सो हॅपी." तो गोड तुकडा मी तसाच रुमालात गुंडाळून ठेवला. प्रत्येक वेळी चेंडू आमच्या गोलकडे आला की मी देवाला म्हणत होते, कॉर्नर नको, एवढं एक कर.

दुसऱ्या हाफमध्ये समोरच्यांना कॉर्नर मिळालाच. पोरगी धावली. तिनं तोंड फिरवलं. चेंडू कानामागे लागला आणि ती आडवी झाली. तिची आई डबा टाकून मैदानात पळाली. मी वही धरून तिथंच बसून राहिले. नशीब, तीन टाक्यांवर निभावलं.

कॉर्नर पुन्हा घ्यायचा होता. पहिली म्हणून आता लेक उभी राहिली. ती सरळ धावली आणि चेंडू तिनं स्टिकवर घेतला. लोक टाळ्या वाजवत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

परतीच्या बसमध्ये मैत्रिणीची जागा रिकामी होती. लेक म्हणाली, "आई, ती तोंड फिरवते. यू न्यू, राइट?"

"हो."

"मग?"

"तुला लागेल म्हणून घाबरले गं."

"तीपण घाबरली होती ना. काल मला म्हणाली, कोचला नाही म्हणू का? पण मग स्वतःच म्हणाली, तुझी आई खेळलेली आहे. तिनं मला निवडलं, म्हणजे मी चांगलीच असणार."