वैदेही सतरावी आली तेव्हा

काल भाचीला आणायला तिच्या शाळेत गेले होते. वर्ग सुटायचा होता. खिडकीतून पाहिलं, तर सगळ्या बाकांवर तीन-तीन मुली दाटीवाटीने बसलेल्या आणि पहिल्या बाकावर एकटीच एक. "ती आमची स्कॉलर," भाची नंतर म्हणाली. आणखी काही सांगावंसं तिला वाटलं नाही.

मला आठवीतली वैदेही आठवली. ती दरवेळी पहिली यायची, म्हणून आम्ही मुलींनी ठरवलं, ती वर्गात नाहीच असं वागायचं. सुरुवातीला हसू दाबावं लागे. पंधरा दिवसांनी त्याचीही गरज उरली नाही. भिंतीवरून फिरावी तशी आमची नजर तिच्यावरून फिरे. एकदा हजेरीला ती "हजर" म्हणाली, तरी बाईंनी मान वर करून विचारलं, "वैदेही आली नाही का आज?" कोणीच बोललं नाही. तीसुद्धा.

मधल्या सुट्टीत तिने माझी बाही धरली. "मी दिसते ना गं तुला?"

मी बाही सोडवून घेतली.

सहामाहीत ती सतरावी आली. तिचा गणिताचा पेपर मी पाहिला. तिला सहज येणारी उदाहरणंही तिने कोरी सोडली होती. त्या दिवशी आम्ही तिला डबा खायला बोलावलं. ती आली, आमच्यासारखंच बोलली, आमच्याबरोबर थांबून थांबून हसली. आम्हाला बरं वाटलं. दरवेळी पहिली येणारी ती मुलगी कुठे गेली, हे कोणी विचारलं नाही.