फ्लड म्हणू नका

बदलापुरात तळमजल्याचा फ्लॅट घेतला तेव्हा बिल्डरच्या माणसाने खिडकीतून नदीकडे हात करून सांगितलं होतं, "फ्लड लाईन पार तिकडे आहे, मॅडम." मी उल्हासनगरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवते. शब्द ओळखीचा होता, माणूस नव्हता.

मागच्या पावसाळ्यात एका दुपारी नदी आमच्या पार्किंगमध्ये आली. नवरा पुण्याला कामावर. घरात मी आणि गुडघ्यांनी अधू झालेल्या सासूबाई. सोसायटीच्या ग्रुपवर मी पाण्याचे फोटो टाकले. 'कुणीतरी खाली या, आईंना वर न्यायचंय,' असं पुन्हा पुन्हा लिहिलं. चौथ्या मजल्यावरच्या सेक्रेटरींचं उत्तर आलं, 'मॅडम, प्लीज ग्रुप फ्लड करू नका.' तोवर संडासातून काळं पाणी उलटं येऊन हॉलभर पसरत होतं.

"पानी वर येतंय गो, माझं राहू दे, तू जा," आई म्हणाल्या. त्या वांगणीच्या, शेतात वाढलेल्या. पाण्याला कधी भ्यायल्या नव्हत्या. त्या दिवशी खुर्चीचे हात घट्ट धरून बसल्या होत्या.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरची सिंधी शेजारीण साडी खोचून धावत आली. "भाभी, बाकी सब छोडो, पहले अम्मा को उठाओ." आम्ही दोघींनी आईंना खुर्चीसकट उचललं. जिन्यात पुरुष मोबाईल धरून उभे होते. एकाने व्हिडिओ पुरा झाल्यावरच वाट दिली.

पाणी ओसरल्यावर घरात शिरले तर सगळीकडे गाळ, त्यात फुगलेला तांदूळ, कुणाच्या तरी घरातले डायपर आणि सोफ्याखाली मेलेली घूस. फिनेलने घासून घासून हात सोलवटले, तरी घास तोंडाशी नेला की तोच वास.

त्याच आठवड्यात एका पुढाऱ्याने क्रिकेटच्या मैदानातले फ्लडलाईट लावून पूरग्रस्तांना मदत वाटली. फोटो नीट येईना, म्हणून आईंच्या हातात तीच साडी पुन्हा पुन्हा दिली. साडी वापरलेली होती, पदराला आमटीचा डाग. आईंनी ती गेटपाशीच टाकली आणि म्हणाल्या, "किळस आली गो मला मानसांची."

दिवाळीनंतर सेक्रेटरी दारात. "शेजारचा फ्लॅट बघायला पार्टी येतेय. विचारलंच तर फ्लड म्हणू नका हं. वॉटर लॉगिंग म्हणा. रेट सगळ्यांचाच पडतो."

पार्टी म्हणजे एक तरुण जोडपं होतं. तिला दिवस गेलेले. सेक्रेटरींच्या देखतच तिने मला विचारलं, "ताई, इथे पाणी भरतं का?"

सेक्रेटरी माझ्याकडे बघून हसले. मी तिला आत नेलं आणि भिंतीवर छातीइतक्या उंचीचा डाग दाखवला. "पूर आला होता. इथपर्यंत. आणि नुसतं नदीचं पाणी नव्हतं, संडासातलंही होतं."

तिने नाकाला ओढणी लावली. दोघं निघून गेली.

"आता तुमचा फ्लॅट तरी कोण घेणार?" सेक्रेटरी ओरडले.

"कुनी घेऊच नये," आई आतून म्हणाल्या.

आता सोसायटीत आमच्याशी फारसं कुणी बोलत नाही. हळदीकुंकवाचं बोलावणंही आलं नाही. शेजारीण तेवढी संध्याकाळी चहाला येते, आईंच्या गुडघ्यांना तेल चोळते, आणि जाताना सेक्रेटरींच्या नावाने सिंधीत काहीतरी सणसणीत बोलून जाते. मी अर्थ विचारत नाही.