हिरा लाभतो का, याची परीक्षा

नातवंडांनो, पुढच्या महिन्यात काकाच्या लग्नाला नाशिकला याल, तेव्हा तो अंगठीची गोष्ट तिखटमीठ लावून सांगेल. म्हणून आधी मीच सांगते.

त्याने हिऱ्याची अंगठी निवडली आणि माझ्या कपाटात लपवायला दिली. रविवारी दिंडोरीच्या द्राक्षमळ्यात नेऊन तो त्याच्या आवडत्या मुलीला अचानक मागणी घालणार होता. हिरा सगळ्यांना लाभत नाही, आधी तीन दिवस घालून पाहावा, असं माझ्या सासूबाई म्हणायच्या. मी इंग्रजी शिकलेली. जन्मभर त्यांना हसले. आणि शुक्रवारी गुपचूप तीच अंगठी करंगळीत घातली. मग ती निघेचना.

रविवारी मुलगी दारात आली तरी अंगठी माझ्याच बोटात.

"आई, हात पदराखाली घे!" काका कुजबुजला.

पण तिने पाहिलंच. "काकू, केवढं सुजलंय बोट!" म्हणत तिने खोबरेल चोळून अंगठी काढली. "छान आहे. कोणाची?"

"तुझीच," काका तेलाची बाटली धरून म्हणाला.

"मग आधी काकूंना का विचारलंस?" असं म्हणून तिने ती आपल्या बोटात घातली.

दिंडोरीला जायचं राहूनच गेलं. अंगठी तिच्या बोटात आहे, आणि माझ्या करंगळीवर पुसटसा वळ अजून आहे.