मी अडवून ठेवलेली जागा

आमच्या कॉलेजात लोकप्रशासन शिकवणारे आम्ही दोघेच. मी कायम, तो तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जुलैला त्यानं नव्यानं मुलाखत द्यायची आणि उन्हाळा लागला की नेमणूक संपायची. नेट, पीएच.डी. सगळं होतं त्याच्याकडे. पण कायम जागा एकच, आणि तिच्यावर मी बसलेलो.

एकदा तो मला त्याच्या गावी, डोंगरकड्याला, घरी जेवायला घेऊन गेला. त्याच्या आईनं शेळ्यांना पाला टाकला, हात धुतले, माझ्या ताटात भाकरी वाढली आणि सरळ विचारलं, "सर, राग नका मानू. तुमी कवा रिटायर होनार? लेकरू तुमच्याच जागेची वाट पाहून राहिलं."

"आई, असं इचारतेत का?" तो मान खाली घालून म्हणाला.

मला हसू आलं. इतकं थेट मला कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हणालो, "साठीपर्यंत नाही थांबत, मावशी. येत्या उन्हाळ्यात स्वेच्छानिवृत्ती घेतो." खरंच घेणार होतो. अठ्ठावन्न पुरी होत आली होती आणि लेकी आपापल्या घरी सुखात होत्या.

मग पदोन्नतीची फाईल निघाली. सहयोगी प्राध्यापकाचा प्राध्यापक. वर्ग तोच, खडू तोच; आधीचा 'सहयोगी' तेवढा गळतो. त्या एका शब्दासाठी माणूस किती हपापतो, ते मी स्वतःवरून सांगतो. शोधनिबंध, शिबिरांचे दाखले, झेरॉक्स, सगळी जुळवाजुळव त्यानंच केली. तास संपले की स्टाफरूममध्ये बसून पानांवर नंबर घालायचा. "सर, हे तुम्हाला मिळायलाच पाहिजे," म्हणायचा. तो उन्हाळा येऊन गेला. त्यानं विषय काढला नाही, मीही काढला नाही. लाज वाटत होती, पण फाईल सोडण्याइतकी नाही.

साठीला मी प्राध्यापक म्हणून निवृत्त झालो. मधल्या दोन वर्षांत आमच्या विषयाला पोरं येईनाशी झाली होती. आधी पहिल्या वर्षाचा वर्ग ओस पडला, मग दुसऱ्याचा. कार्यभार मोजला तर एका पूर्ण माणसाचं काम उरलंच नव्हतं. माझी जागा भरायची नाही, असं ठरलं. बोलल्याप्रमाणे दोन वर्षं आधी उठलो असतो, तर ती भरली गेली असती. त्याचं वाटोळं मी केलं, हे मला कोणी सांगायला नको.

जुलैत प्राचार्यांचा फोन आला, तासिकेच्या मुलाखतींना विषयतज्ज्ञ म्हणून या. गेलो. उमेदवार एकच होता. इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, कानांपाशी पांढरे झालेले केस. बसू का, असं त्यानं मलाच विचारलं.

पहिला प्रश्न ठरलेला असतो. मी विचारला, "अनुभव किती?"

"सतरा वर्षं, सर."

मी खाली बघून त्याचा अर्ज उलटू लागलो. मला ऐकू आलं नसावं असं त्याला वाटलं. त्यानं पुन्हा सांगितलं, जरा मोठ्यानं.