उच्चार अशुद्ध, पुन्हा भरा

आमच्याकडच्या छोट्या गोरेगावात बाजाराच्या रस्त्यावर, एका खताच्या दुकानाच्या वर माझी खोली आहे. घर तिथून तीन किलोमीटरवर, शेतात. पण घरी लाइट असते तेव्हा नेटवर्क नसतं आणि नेटवर्क असतं तेव्हा लाइट गेलेली असते, म्हणून ही खोली. काय करतो असं कुणी विचारलं की मी सांगतो, ऑनलाइन कामं करतो. त्यावर माणूस लगेच म्हणतो, मग माझं आधार पॅनला जोडून दे. आधी डोकं फिरायचं. आता जोडून देतो.

खरं काम असं की नेटवर कामांचा बाजार भरतो. जगातला कुणीही तिथे काम टाकतो, आपण बोली लावायची, मिळालं तर करून द्यायचं आणि शेवटी गिऱ्हाईक आपल्याला तारे देतं. पाच मिळाले तर ठीक. चार मिळाले की आपलं नाव पार तळाला जातं, जिथे कुणी बघत नाही. मी मराठी टायपिंगपासून सुरुवात केली. वर्षभरात कळलं, टायपिंगवाले पैशाला पासरी आहेत. मग भाषांतर धरलं, मग व्हिडिओखाली येणाऱ्या ओळी, मग बोलणं ऐकून ते लिहून काढणं. वडील म्हणायचे, एक ना धड, भाराभर चिंध्या. शेतात ते स्वतः सोयाबीनमध्ये तुरीचे तास टाकतात, एक गेलं तर दुसरं हाती लागावं म्हणून. मी तेच करत होतो, पण ते त्यांना पटवायला गेलो नाही.

चौथ्या वर्षी माझ्या नावापुढे निळी खूण आली. मोठी कामं फक्त खूणवाल्यांना दिसतात, त्यामुळे त्या खुणेवर माझा जीव होता, खोटं कशाला बोलू. त्याच महिन्यात आवाजाचं काम मिळालं. एका कंपनीला यंत्राला मराठी शिकवायची होती. चाळीस माणसं गोळा करायची, प्रत्येकाकडून त्यांनी दिलेली दीडशे वाक्यं मोबाइलमध्ये भरून घ्यायची आणि पाठवायची. फार वाक्यं नापास झाली तर काम काढून घेणार आणि खूणही जाणार, असं स्पष्ट लिहिलेलं होतं.

पहिला आवाज आईचा घेतला. तिला वाचायचा सराव नाही, म्हणून मी वाक्य म्हणायचं आणि तिने ते मागून म्हणायचं असं ठरलं. मी म्हटलं, ‘आज तुम्ही जेवलात का?’ ती म्हणाली, ‘व्हय, जेवले की.’ मी समजावलं, उत्तर द्यायचं नाही, नुसतं म्हणायचं. पुढचं वाक्य होतं, ‘तुमच्या घरात किती माणसं आहेत?’ आईने माझ्याकडे असं पाहिलं, की पोरगं कामातून गेलं. तुला म्हाईत न्हाई काय, म्हणाली. वडील दारात बसून इतके हसले की ती सगळी वाक्यं पुन्हा घ्यावी लागली.

दुपारपर्यंत दीडशे झाली. पाठवली. दोन दिवसांनी त्यातली नव्वद परत आली. तपासणारा बाप्या की बाई, मला कधी कळलं नाही, फक्त शेरा यायचा: उच्चार अशुद्ध, पुन्हा भरा. आई ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणाली होती, ‘नाही’ला ‘न्हाई’. ‘कृपया’ तर तिच्या तोंडात बसेचना. बसणार कसं, आमच्याकडे कृपया म्हणून कुणी कुणाला काही मागत नाही.

त्या तपासणाऱ्याला मी लिहू शकलो असतो की बाबा रे, इकडे असंच बोलतात. लिहिलं नाही. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, आणि माझी पोळी त्या खुणेवर भाजत होती. मी आईला सांगितलं, ते अशुद्ध म्हणतात, आपल्याला नीट बोलावं लागेल. अशुद्ध म्हणजे काय, असं तिने विचारलं. चुकीचं, मी म्हटलं. इतकं सरळ म्हटलं की आज आठवलं तरी मला माझा राग येतो.

मग आठ दिवस शिकवणी चालली. ण म्हणताना जीभ वर टाळूला लावायची, न आणि ण वेगळे. मी मास्तरसारखा समोर बसायचो, ती चुकली की हात वर करून थांबवायचो. दुपारी ती शेळ्या घेऊन बांधावर जायची, तेव्हा एकटीच ‘पाणी, आणि, कोण’ म्हणत चालायची, असं वडील सांगायचे. पोराचं काम जाऊ नये म्हणून चाललंय, हेही त्यांनीच सांगितलं. अखेर नव्वदच्या नव्वद पास झाली. बाकीच्या माणसांनाही मी असंच घोटून घेतलं. पाच तारे आले, खूण राहिली.

नंतर एकदा मी खोलीवरून घरी फोन केला. एरवी आई फोन उचलला की विचारायची, जेवला का रे लेकरा. त्या दिवशी ती म्हणाली, ‘मी बरी आहे. तू जेवलास का?’ मला वाटलं चेष्टा करते. मी हसलो, ती हसली नाही. वडिलांशी, शेळ्यांशी, शेजारणीशी ती पहिल्यासारखीच बोलायची. मी दिसलो की आवाज बदलायचा, वाक्य आखूड व्हायचं. बँकेत साहेबासमोर बोलावं तसं ती माझ्याशी बोलायला लागली. तक्रार केली नाही, रुसली नाही, आणि रुसली असती तर बरं झालं असतं. जाईल हळूहळू, असं म्हणून मी कामाला लागलो.

चार महिन्यांनी त्याच कंपनीचं नवं काम आलं. आता त्यांना गावाकडची बोली पाहिजे होती. पुस्तकी मराठी चालणार नाही, माणसं घरात बोलतात तसंच बोललेलं हवं, असं लिहिलेलं. मी खोलीत एकटाच मोठ्याने हसलो. पण घेतलं. नवीन प्रकारचं काम म्हटल्यावर सोडतो कोण?

गावातली माणसं तीन दिवसांत झाली. विषय दिला की सुटायची, थांबवावं लागायचं. आईला मी शेवटी बसवलं. संमतीच्या कागदावर तिने सही केली, मी मोबाइल चालू करून तिच्यापुढे ठेवला आणि शेळ्यांबद्दल बोलायला सांगितलं. ती खुर्चीत ताठ बसली. ‘आमच्याकडे सहा शेळ्या आहेत. त्यांना पाणी पाजावे लागते.’ न आणि ण जागच्या जागी.

मी म्हटलं, आई, असं नको, तू आपलं नेहमीचं बोल. मी समजावत राहिलो की यावेळी त्यांना तसंच पाहिजे, तेच बराबर आहे. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली,

‘मंग तवा काय चुकलं व्हतं माझं?’

ती उठून शेळ्यांकडे गेली. मोबाइल चालूच होता. त्या सबंध फायलीत तिच्या बोलीतलं तेवढं एकच वाक्य होतं. मला लाज वाटत होती, तरी ते मी कापून वेगळं काढलं आणि पाठवलं. दुसऱ्या दिवशी शेरा आला, अगदी असंच हवं होतं, या बाईंची आणखी वाक्यं पाठवा.